वीतभर अंतरावरच्या रिंगा

फोन आला तो गळतीसाठी. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतली चार मजली सोसायटी, खाली सगळं पार्किंग. पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय, रंगकाम काढायच्या आधी एकदा नजर टाकून जा, असं सेक्रेटरी काका म्हणाले. बडोद्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. गळतीला मी आता सहसा माझ्या असिस्टंटला पाठवते. त्या शनिवारी तो रजेवर होता, म्हणून स्वतः गेले.

पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांच्या आड, ड्रेनेजचा पाइप वरून खाली उतरला होता. जवळ जाऊन टॉर्च मारला आणि पोटात गोळा आला. पाइप कॉलमच्या आत बसला होता. कधीतरी वर नवीन बाथरूम काढताना प्लंबरने कॉलमचा कोपरा हातभर उंचीत छिन्नीने फोडला होता, आड येणारी कोपऱ्यातली सळई कापून टाकली होती आणि पाइप बसवून वरून सिमेंटचा हात फिरवला होता. ते सिमेंटही आता सुटलं होतं. नऊ बाय अठरा इंचांचा कॉलम, त्याचा एक कोपराच नाही. वर चार मजले, गच्चीवर पाण्याच्या सहा टाक्या. हजार लिटरची एकेक टाकी भरली की एक टन.

पण माझी नजर खिळली ती उघड्या पडलेल्या रिंगांवर. उभ्या सळयांना आवळून धरतात त्या या रिंगा. त्यांची दोन्ही टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात खुपसायची असतात. इथे ती काटकोनात वळवून तशीच सोडलेली होती, आणि दोन रिंगांमध्ये वीतभर अंतर. अशी रिंग रोजचा भार बिनतक्रार सोसते, म्हणून कुणाला कधी काही कळत नाही. भूकंपात मात्र कॉलमवरचं दीड-दोन इंचांचं कव्हर, म्हणजे रिंगांबाहेरचा काँक्रीटचा थर, सुटून पडतं. मग त्या टोकांना धरून ठेवणारं काही उरत नाही. रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि मधलं काँक्रीट भुगा होऊन गळून जातं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २६ जानेवारी २००१ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात आमच्या सरांबरोबर इमारती तपासायला अहमदाबादला गेले. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ, तिथून अहमदाबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, तरी शहरात सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या होत्या. त्यातल्या कितीतरी अशाच, खाली पार्किंग असलेल्या. एका ठिकाणी वरचे मजले जवळजवळ धड होते, फक्त खालचा मजला नाहीसा झालेला. पहिल्या मजल्याची गॅलरी जमिनीला टेकलेली, आणि तिच्याखालून एका स्कूटरचा आरसा बाहेर आलेला. आरसा फुटलेला नव्हता. सर तिथे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, रिंगा बघ. मी पाहिल्या, सगळ्या काटकोनात.

सेक्रेटरी काकांना मी म्हटलं, रंगकाम राहू द्या, संध्याकाळी मीटिंग बोलवा. त्या आधी घरांमधल्या भेगा बघायला वर गेले.

तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या पुढच्या एक काकू एकट्या राहतात. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. माझं लक्ष त्यांच्या पलंगाकडे. उशाशी लोखंडी कपाट, कपाटावर दोन बॅगा आणि एक जुना मिक्सर. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर माळा, त्यावर पितळी घागरी, परात, पुरणयंत्र. मी म्हटलं, काकू, रात्री हे कपाट कलंडलं तर थेट तुमच्या डोक्यावर येईल. आधी पलंग तरी फिरवून घ्या, मग कपाट वरून दोन अँगल मारून भिंतीला बोल्टने पक्कं करा. घागरी खाली ओट्याखाली ठेवा.

काकू हसल्या नाहीत, वादही घातला नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "माझं माहेर उमरगा तालुक्यातलं." मला पुढचं विचारायची गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमून माणसं झोपलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यांचे काका, काकू, दोन चुलतभाऊ त्यात गेले. "वाडा मातीत बांधलेला दगडाचा, भिंत दोन हात रुंद. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती. आम्हाला लहानपणी सांगायचे, या भिंतीला तोफ लागत नाही. तीच अंगावर आली ना हो."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. हलायला लागलं तर जिन्याकडे धावायचं का? नाही म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही जिन्यात पोहोचाल तेव्हाच हादरे जोरात असतील, आणि जिन्यात पडून, चेंगरून माणसं जखमी होतात. लिफ्ट तर नकोच. हे जेवणाचं सागवानी टेबल भक्कम आहे, त्याच्याखाली शिरा, एका हाताने डोकं झाका, दुसऱ्याने पाय घट्ट धरा, कारण टेबलही सरकतं. गुडघे वाकत नसतील तर खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी बसा आणि डोक्यावर उशी घ्या. थांबलं की रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, मग जिन्याने खाली आणि मोकळ्यावर. परत वर यायची घाई नको, मागाहून धक्के येतात. पलंगाखाली चपला आणि टॉर्च ठेवा, अंधारात काचांवर पाय पडतो. काकूंनी हे सगळं किराण्याच्या यादीच्या पाठीमागे लिहून घेतलं. लिहिताना मध्येच थांबून विचारलं, "पण खालचा तो खांब मोडका आहे तोवर टेबलाखाली बसून काय होणार?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलेला नाही. मी खरं तेच सांगितलं. टेबल पडणाऱ्या वस्तूंपासून वाचवेल, बिल्डिंग बसली तर नाही. म्हणून तर खाली मीटिंग आहे.

मीटिंग पार्किंगमध्येच झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, २००१ला एवढा मोठा झाला, आपल्या बिल्डिंगवर ओरखडा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तो ७.७चा भूकंप होता हे खरं, पण बडोद्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर. १९७०च्या मार्चमध्ये भरूचला झाला तो ५.४चा, आणि भरूच इथून सत्तर किलोमीटर. तेव्हा तिथे घरं पडली, माणसं दगावली. आणि २००१ला या कॉलमचा कोपरा शाबूत होता.

एका तरुण गृहस्थांनी विचारलं की बिल्डिंग १९९६ची, तेव्हा नियम नव्हते का? होते. रिंगा कशा वळवायच्या, कॉलमच्या टोकांशी किती जवळ बांधायच्या, हे सांगणारं भारतीय मानक १९९३चं, किल्लारीच्याच वर्षाचं. कागदावर होतं. साइटवर कुणी बघत नव्हतं.

रिंगेचं काम त्यांना शब्दांत सांगून पटत नाहीये हे दिसत होतं. कोपऱ्यात सफाईवाल्या बाईंचा खराटा होता, तो घेतला. दोरी घट्ट होती तिथे मुठीने दाबला, काड्या जागच्या हलल्या नाहीत. मग दोरी वर सरकवली आणि पुन्हा दाबला. काड्या चहूबाजूंना फाकल्या, खराटा खाली बसला. म्हटलं, वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आहेत, ते सगळे मिळून एका पेटाऱ्यासारखे एकसंध हलणार. खाली भिंतीच नाहीत. सगळं झुकणं, सगळं वळणं या बारा कॉलमांच्या वाट्याला.

कॉलम दुरुस्तीला कुणी हरकत घेतली नाही. खरं भांडण पुढे झालं. मी सांगितलं की नुसत्या जॅकेटिंगने, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण घालून, भागणार नाही, चारही बाजूंना जमिनीपासून पहिल्या स्लॅबपर्यंत आरसीसीच्या भिंती उभ्या कराव्या लागतील, आणि त्यात पार्किंगच्या तीन जागा जातील. तीन जागा म्हणजे कुणाच्या? अर्धा तास यावरच आवाज चढत राहिले. मला त्यात रागावण्यासारखं काही वाटलं नाही. गाडीची जागा रोज दिसते, भूकंप दिसत नाही.

काकू शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी जागा घ्या. माझ्याकडे गाडी नाही, ती मी भाड्याने देते, बंद करते. आणि आमच्या घरीसुद्धा सगळे हेच म्हणायचे, इतकी वर्षं काही झालं नाही." वाड्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या जागेसाठी पुढे आले ते तळमजल्यावर स्कूटर लावणारे मास्तर. तिसऱ्या जागेचा निकाल लागायला पुढे दीड महिना गेला.

मी मात्र त्याच संध्याकाळी ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करून लोखंडी जॅक मागवले. रात्री साडेदहापर्यंत फुटक्या कॉलमच्या दोन्ही बाजूंचे बीम टेकून घेतले, गच्चीवरच्या सहापैकी तीन टाक्या रिकाम्या करवल्या आणि मगच घरी गेले.

जुलैत काम सुरू झालं. जुना कॉलम टाचून खडबडीत केला, पायापासून नव्या सळया उभ्या केल्या, आणि बारबेंडरचा पोरगा रिंगा वळवायला बसला. टोकांशी चार-चार इंचांवर. एक दिवस सकाळी मी तपासायला गेले तर काकू आधीच खाली होत्या. कॉलमपुढे उभ्या राहून काठीच्या टोकाने एकेक रिंग मोजत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं आलात. वरून सातवी बघा. तिची शेपटी आत वळलेली नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. पोऱ्याला हाक मारली, ती रिंग सोडवून घेतली आणि नवी बांधून होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.