मामा तलावांच्या काठाने: शिंपल्यांसाठी पाणी राखताना

कोहमाऱ्याला नागपूर-रायपूर महामार्ग सोडून नवेगावबांधच्या दिशेने वळलं की जंगल लागतं आणि जंगलाच्या फटींतून तलाव दिसायला लागतात. मे संपत आला होता. धानाच्या बांध्या भेगाळलेल्या, तलावांचं पाणी आक्रसून मधोमध गेलेलं आणि भोवती चिखलाचा रुंद पट्टा. शिंपले, घोंगे (गोगलगायी) आणि झिंगे ज्या पाण्यात वाढतात ते बघायचं तर याच दिवसांत यावं. पावसाळ्यात जे पाण्याखाली जातं ते सगळं आत्ता उघडं असतं: गाळ किती साचलाय, बेशरमची झुडपं कुठवर आत शिरलीत, गावातली नाली नेमकी कुठे उतरते आणि शिंपले जिवंत आहेत की नुसती कवचं उरलीत.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले, १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेल्यावर ते सरकारकडे आले. सिंचन एका खात्याकडे, मासळी ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने. शिंपले-घोंगे वेचणाऱ्या बायकांचा हिशेब मात्र कुठल्याच कागदावर नाही. म्हणून त्यांच्यासाठी पाणी राखायचं काम गावालाच करावं लागतं, आणि ज्या गावांनी ते हाती घेतलंय तिथे काय करतात ते बघायला अर्जुनी-मोरगाव तालुक्यात चार दिवस फिरलो.

पहिल्या तलावावर पहाटे पाचला पोचलो, त्याला कारण आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो उजाडायच्या आधी. रात्रभर शेवाळ, मासे, चिखलातले जिवाणू सगळेच तो वापरतात आणि नवा तयार होत नाही. दुपारी दोनला मोजलं तर हिरवंगार, आजारी पाणीसुद्धा उत्तम आकडा देतं. तपासणी पेटीतल्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं आणि दोन्ही द्रावणं थेंबाथेंबाने घालायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर जवळपास नाहीच. पुढचं मापन मग त्याच बाटलीतून. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या बराच खाली पहाटेचा आकडा गेला की शिंपला मिटून बसतो. तो एक-दोन दिवस तगतो, पण झिंगे त्याच सकाळी काठाला येऊन मरतात. इथल्या बायकांना पेटीची गरज नसते, काठाला आलेले झिंगे बघूनच त्या ओळखतात.

त्याच ठिकाणी दुपारी सामू (पीएच) तपासला की उरलेलं चित्र कळतं. शेवाळ माजलेल्या पाण्याचा सामू दुपारी नऊच्या वर जातो. पाण्यातला अमोनिया तितकाच राहिला तरी त्यातला विषारी, मुक्त भाग सामूबरोबर वाढतो: सातला तो शंभरात एक भागही नसतो, नऊला या उन्हाळी पाण्यात जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे ‘एकच युरियाचं पोतं वाहून आलं होतं’ असं कुणी म्हणालं तरी ते साधं प्रकरण नसतं.

पारदर्शकता मोजायला वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्या रंगवलेली पत्र्याची चकती पुरते. खाली दगड, वर सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी घ्यायची. इथेच गावातला खरा वाद सुरू होतो. कतला-रोहू वाढवणाऱ्याला २० ते ४० सेंटिमीटर हवं असतं, कारण तेवढं हिरवं पाणी म्हणजे माशाचं खाद्य. त्यासाठी शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात. पाण्याखालच्या वनस्पतींना मात्र चकती दिसते त्याच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच पुरेसा उजेड मिळतो. म्हणजे ३० सेंटिमीटर पारदर्शकतेच्या तलावात दोन फुटांपलीकडे काही उगवत नाही, तळ उघडा पडतो, वाऱ्याने गाळ ढवळला जातो आणि पाणी आणखी गढूळ होतं. शिंपला गाळूनच खातो. त्याच्या तोंडी मातीच आली तर ती शेंबडात गुंडाळून बाहेर टाकण्यातच त्याची ताकद जाते.

हा वाद मिटवायला पाहिलेल्या तलावांत दोन गोष्टी ठरवल्या आहेत. खत मोठ्या तलावात टाकायचं नाही, मत्स्यबीज वाढवायच्या छोट्या तळ्यात, बोडीतच टाकायचं. आणि गवत्या मासा व सायप्रिनस सोडायचा नाही. गवत्या वनस्पती मुळासकट फस्त करतो आणि सायप्रिनस तळ उकरतो. संस्थेचं उत्पन्न पहिल्या वर्षी घटतं, हे कबूल केलं पाहिजे. पण मरळ, मागूर, शिंगी यांना वनस्पतींचा आडोसा लागतो आणि बाजारात भाव त्यांनाच जास्त. शिंपल्याचाही त्यात स्वार्थ आहे: त्याची सूक्ष्म पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात, मगच तळाला उतरतात. मासे नाहीत तर नवे शिंपले नाहीत. पहिल्या पावसात सांडव्यावरून आणि ओढ्यांतून मासे चढतात ती वाट जाळी लावून बंद केली, तर शिंपल्यांचं पसरणंही थांबतं.

दुसऱ्या तलावावर बेशरम काढणं चालू होतं. चाळीस-एक माणसं, निम्म्याहून जास्त बायका. बेशरम वरून छाटायची नाही, हा पहिला नियम. छाटलेल्या खोडाला फुटवे येतात आणि छाटलेला तुकडा ओल्या चिखलात पडला तर तोही मूळ धरतो. म्हणून पाणी उतरल्यावर कुदळीने बुंध्याभोवती हातभर खणून मुळासकट उपटतात, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडे कोरड्या जागी मुळं वर करून पसरतात आणि पूर्ण वाळल्यावरच जाळतात. ढीग तलावाच्या पोटात ठेवला आणि पाऊस लवकर आला तर सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि नंतर ढिगातूनच हिरवे कोंब येतात. एका उन्हाळ्यात काम संपत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी राहिलेली मुळं फुटतात, ती परत काढावी लागतात. मोकळ्या झालेल्या जागेत नांगराचा एक हलका तास देतात, तोही शिंपले असलेला ओलसर पट्टा सोडून. उन्हाळ्यात शिंपला चिखलात खोल उतरून बसतो आणि घोंगा झाकण बंद करून पडून राहतो. तिथे नांगर घातला तर पुढच्या पावसाळ्याची बीजच मोडते.

गाळ काढण्याबद्दल मात्र परखडपणे लिहावंसं वाटतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. शेताला गाळ मिळणं चांगलंच आहे. पण यंत्र एकदा तलावात उतरलं की ते जिथे सोपं पडतं तिथे खड्डे करतं. खड्ड्याच्या कडा उभ्या होतात, परसूड आणि देवधान या काठच्या वनस्पतींचा उथळ पट्टा जातो आणि तळाचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणी झिरपून तलाव जानेवारीतच आटतो. या गावाने खुंट ठोकून हद्द आखली आहे: काठापासूनचा उथळ पट्टा आणि ओलसर भाग बंद, बाकी ठिकाणी काळा, भुसभुशीत गाळ तेवढाच काढायचा, पिवळी चिकण दिसली की थांबायचं. यंत्राजवळ गावातला एक माणूस सतत उभा असतो. तो चहाला गेला की हद्द सरकते, हेही तिथेच ऐकलं.

लागवड आषाढात करतात, पाणी गुडघाभर चढल्यावर. जवळच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या पाण्याखालच्या वनस्पतींची आणि कुमुदाची रोपं आणायची, मुळाशी मूठभर चिखलाचा गोळा दाबायचा, सुतळीने सैल बांधायचा आणि हाताने तळात खोचायचा. गोळा नसेल तर रोप तासाभरात वर तरंगतं. परसुडाचे कंद त्याहून उथळ जागी. हायड्रिला थोडंच लावावं, त्याच्या प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. गुरांच्या उतारावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं नाही, तर म्हशी पहिल्याच आठवड्यात सगळं तुडवतात.

इथवरचं काम शिंपला जगावा यासाठी झालं. तो खाण्यालायक असावा, हा प्रश्न वेगळा. शिंपल्यांच्या पाण्याचे नियम समुद्रकाठी घडले. १९२४-२५ मध्ये अमेरिकेत सांडपाण्याच्या खाडीतल्या कालवांमधून विषमज्वर पसरला, दीडशेच्या आसपास माणसं गेली, आणि १९२५ मध्ये तिथे शिंपले-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. थेट विक्रीसाठी शिंपले काढायचे तर तिथल्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची सरासरी १४ च्या वर चालत नाही. युरोपात पाणी सोडून मांसच तपासतात: पहिल्या वर्गासाठी १०० ग्रॅममध्ये २३० ई-कोलाय. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही समुद्राच्या पाण्यात शिंपले-मासेमारीला सर्वांत वरच्या, एसडब्ल्यू-१ या वर्गात ठेवलंय. गोड्या पाण्याला मात्र तसा वर्ग नाही. मत्स्यपालनाच्या ‘ड’ वर्गात सामू ६.५ ते ८.५, ऑक्सिजन ४ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत, एवढंच बघतात, जिवाणूंची अटच नाही. माशाला ते चालतं. पण शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि जिवाणू अंगात साठवतो. म्हणून या गावांनी निदान उघड्यावरच्या आंघोळीसाठीची मर्यादा, १०० मिलिलिटरमागे ५०० एकूण कोलिफॉर्म, डोळ्यांपुढे ठेवलीय. ती निवड योग्य वाटली.

तिसऱ्या तलावाचं खरं काम म्हणूनच काठापासून दूर, गावात चाललं होतं. तिथली संडासं बघितली. अडचण संडास नसण्याची नव्हती, खड्ड्याची होती. बऱ्याच घरांनी ‘खोल तेवढा टिकाऊ’ म्हणून एकच दहा-बारा फुटांचा खड्डा घेतलेला. पावसाळ्यात इथे भूजल हाताला लागेल इतकं वर येतं, खड्डा पाण्यात उभा राहतो आणि घाण सरळ तलावाकडे झिरपते. दुरुस्ती अशी: दोन उथळ खड्डे, प्रत्येकी साधारण मीटरभर व्यासाचे आणि सव्वा मीटर खोल, जाळीदार विटांचे. एक भरला की नळी फिरवून दुसरा सुरू करायचा आणि पहिला दोन वर्षं बंद ठेवायचा. तळ आणि भूजल यांत दोन मीटर अंतर मिळत नसेल तिथे खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचा वाळूचा थर आणि बुड पक्कं. नळी फिरवायचं झाकण प्लास्टर करून बुजवलेलं तीन घरांत सापडलं. तिथे दुसरा खड्डा असून नसल्यासारखाच.

मोऱ्यांच्या सांडपाण्याला शोषखड्डा सगळीकडे चालत नाही. घनमीटरभर खणून दगडगोटे भरले तरी इथल्या चिकणमातीत तो पहिल्याच पावसात तुंबतो. तिथे सांदवाडीत, म्हणजे परसात, कर्दळीचा आणि केळीचा वाफा बरा. नालीच्या तोंडाशी तलावाआधी तीन मीटर लांब, दोन रुंद, एक खोल असा गाळखड्डा आणि त्यापुढे वाळ्याच्या दोन ओळी, रोपात वीतभरापेक्षा कमी अंतर. गाळखड्डा दर उन्हाळ्यात उपसला नाही तर त्याचा उपयोग शून्य. धुण्याचे दगड तलावातून उचलून पाळीखाली, तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) पाटाजवळ नेलेत. साबणाचं पाणी तिथून बांधीत जातं.

वेचलेल्या शिंपल्यांसाठी एका घरी सावलीत प्लास्टिकचे टब मांडले होते. किलोभर शिंपल्यांना पाचेक लिटर बोअरचं पाणी, तळापासून चार बोटं वर जाळी, जाळीवर फार तर दोन थर. जाळी नसेल तर टाकलेली घाण ते परत ओढतात. दर सहा-आठ तासांनी पाणी बदलायचं, किमान २४ आणि शक्य तर ४८ तास. नळाचं क्लोरीनचं पाणी घातलं तर शिंपला मिटतो आणि काहीच बाहेर टाकत नाही. उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत मरतो. उघडा पडलेला आणि बोट लावूनही न मिटणारा फेकायचा. त्यानंतर गंजात (पातेल्यात) खळखळ उकळायचा. घोंगा तर अर्धकच्चा कधीच खाऊ नये, त्यातून परजीवी येतात. पण पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरली असेल तर ना टब कामाचा ना उकळणं. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उष्णतेने जात नाही. ‘पानी हिरवं झालं का घोंगा कडू लागते जी,’ असं एक आजी सांगत होत्या. चवीचं काही असो, साय असेतो आणि ती गेल्यावर पुढचे काही आठवडे वेचायचं नाही, हा गावाचा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला.

शेवटचं काम नमुन्याचं. पेल्याच्या आकाराची निर्जंतुक बाटली, काठावरून न भरता डोंग्यातून, तोंड प्रवाहाकडे करून हातभर खालून भरायची आणि वर दोन बोटं जागा सोडायची. चोवीस तासांत काळी पडणारी बाटली इथे वापरू नये. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे, तलावाच्या पाण्यात जवळपास नेहमीच काळी होते आणि काहीच सांगत नाही. नमुना बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत द्यावा लागतो. अर्जुनीहून गोंदिया गाठायला दोनएक तास जातात, म्हणून तो सकाळी आठच्या आत भरतात. शुक्रवारी कधीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी वाढ मोजायला प्रयोगशाळेत कुणी नसतं. आम्ही निघालो तो बुधवार होता. थर्माकोलच्या पेटीत तीन बाटल्या होत्या: एक नालीच्या तोंडाची, एक मधली, एक शिंपल्यांच्या पट्ट्यावरची.