तुम्ही बाहेर थांबा

रविवार, रात्री

"काकू, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुम्ही समोर असलात की हा जास्तच नाटकं करतो."

एवढंच म्हणाली कुत्र्यांच्या पार्लरमधली ती मुलगी. तेही हसत. मी "हो हो, थांबते की" म्हणून पर्स उचलली आणि काचेच्या दाराबाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले. वाटलं काही नाही तेव्हा. रिक्षात बसल्यावर वाटलं.

घरी मी नुसता ब्रशचा ड्रॉवर उघडला तरी आमचा कुत्रा बत्ताशा सोफ्याखाली जातो. ड्रॉवरमधून मेणबत्ती काढायची असली तरी. पुढचा पंजा हातात घेतला की गुरगुर, आणि कानामागे हात गेला की असा केकाटतो की खालच्या आजींना वाटावं मी ह्याला सोलतेय. आणि तिथे? काचेतून सगळं दिसत होतं. तिने स्टीलचा कंगवा पार कातडीपर्यंत घातला. कानामागे गाठ लागली तेव्हा ती मुळाशी दोन बोटांत घट्ट धरली, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि कंगव्याच्या टोकाच्या दातांनी कडेकडेने सोडवत आणली. ह्याने हूं की चूं केलं नाही.

मीसुद्धा अशीच सोडवते. अगदी अशीच. हे लिहिताना हसू येतंय, पण खरंच.

"बिशॉनचे केस गळत नाहीत" असं सांगून लोक बत्ताशाची ही छोटी, कुरळ्या केसांची जात विकतात. गळतात हो. कमी गळतात, आणि जे गळतात ते सोफ्यावर पडायच्या ऐवजी त्या कुरळ्यांतच अडकून बसतात. मग काखेत, कानामागे, हार्नेस घासतो तिथे गुंता. श्रावणात अंग नीट वाळत नाही, त्यामुळे जास्तच. अंघोळीच्या आधी गाठी काढायलाच हव्यात, कारण भिजल्या की आणखी घट्ट बसतात. हे सगळं रोज कोण करतं? ह्यांना तर ब्रश कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो तेही माहीत नाही, आणि बत्ताशा लोळतो मात्र ह्यांच्याच पायाशी. जाऊ दे.

त्यात ते डोळ्यांखालचे तांबूस डाग. अश्रूंत पॉर्फिरीन म्हणून काहीतरी असतं, त्यात लोह असतं, त्याचा रंग चढतो. काळ्या कुत्र्याच्या तोंडावर कुणाला दिसलंही नसतं. ह्याच्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर दिसतं आणि लिफ्टमध्ये लोक विचारतात, "रडतो का हो हा?" आणि माझ्याकडे बघतात.

तर बाहेर खुर्चीत बसून मी काय करत होते? हा कुठेतरी घाबरलाय का, ते शोधत होते. कुत्री ताणाखाली जांभया देतात, ओठ चाटतात, एकदम गप्प होऊन थिजतात, हे वाचलेलं. म्हणजे गप्प उभा आहे याचा अर्थ सुखात आहे असा होत नाही. ड्रायरचा वारा आणि ब्रश एकाच वेळी चालू होते, एकेक वेटोळं सरळ होऊन उभं राहत होतं आणि पिंजलेल्या कापसासारखं अंग फुगत चाललं होतं. तेवढ्यात ह्याने जांभई दिली. चांगली मोठी, जीभ वळवून.

मला बरं वाटलं. आपल्याच कुत्र्याला त्रास होतोय म्हणून बरं वाटलं! मग तो तिच्या मनगटावर हनुवटी टेकवून उभा राहिला, आणि तिने डोक्याचा गोल कापायला घेतला. ताण वगैरे काही नव्हता. झोप आली होती त्याला.

जेवताना ह्यांना सांगितलं तर मोबाइलवरून वाचूनच दाखवायला लागले. 1933 साली फ्रान्समध्ये या जातीचं रीतसर मानक ठरलं म्हणे, पण त्याआधी राजेरजवाड्यांचे लाड संपल्यावर हीच कुत्री सर्कशीत आणि रस्त्यावर कसरती करून पोट भरायची. "रक्तातच आहे नाटक," म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ताक प्यायले. मी म्हटलं, मग तिच्यासमोर का नाही करत? तर म्हणे, नाटकाला प्रेक्षक लागतो.

चिन्मयच्या बालवाडीच्या बाईही हेच म्हणायच्या. आई फाटकाबाहेर गेली की लगेच थांबतं हो रडं, तुम्ही रेंगाळू नका. तेव्हाही मी झाडामागे उभी राहून बघितलं होतं, आणि खरंच थांबलं होतं. तो आता रडत वगैरे नाही, रविवारी फोन करतो. आज केला नाही, पण तिकडे वेळ उलटी आहे, होतं असं.

मग वाटतं, माझ्यासमोर ओरडायची त्याला मुभा आहे, म्हणून ओरडतो. हे मनाचं समाधान असेल, असू दे. त्या मुलीसमोर ओरडून उपयोग नाही हे त्याला कळतं. माझ्यासमोर उपयोग होतो. मी हात काढून घेते, "बरं बरं, राहू दे राजा" म्हणते, चीजचा तुकडा देते. इतका स्वस्त सौदा मिळाल्यावर मीही ओरडले असते.

आत्ता झोपायच्या आधी मुद्दाम ड्रॉवर उघडून पाहिला. एकही गाठ नसलेलं, ताजं कापलेलं, शाम्पूच्या वासाचं ते ध्यान सोफ्याखाली गेलंच. नुसतं शेपूट बाहेर. ब्रश परत ठेवला. चीज दिलं नाही. (अर्धा तुकडा दिला.)

सहा आठवड्यांनी परत न्यायचंय. पुढच्या वेळी ह्यांनाच पाठवणार आहे, आत टेबलाशेजारी उभं राहायला सांगून. बघू त्यांच्यासमोर किती नाटकं करतो ते. अजिबात केली नाहीत, तर मात्र मला चालणार नाही.