यादी आहे, पण सापडत नाही
रावेर-यावलचा शेतकरी मोबाइलवर ‘केळी विमा यादी रावेर’ टाकतो. यादी संकेतस्थळावर असते, पण स्कॅन केलेली, म्हणजे नुसतं चित्र. फाइलचं नाव ‘स्कॅन००१२’, पानाचं शीर्षक नुसतं ‘सूचना’. मग ती शोधात येणार कशी?

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदला आणि बदलल्यावर रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासाच, हमखास तिथेच मोडतं. शीर्षकात पीक, तालुका, वर्ष हवं. मुख्य मजकूर पानावरच द्या, पीडीएफ सोबत राहू द्या.

संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थांनी फोन नंबर चित्रात टाकू नये. बोट लावताच फोन लागला पाहिजे. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज तुटक असते, जड पान उघडतच नाही, तेव्हा पानावरचं ५ एमबीचं उद्घाटनाचं बॅनर आधी काढा.