नेपल्सच्या थांब्यात पॉम्पेई, बोटीची सहल न घेता

क्रूझमध्ये इटलीतल्या नेपल्सला आमची बोट सकाळी सातला लागणार होती आणि संध्याकाळी साडेसहाला सुटणार होती. सहाच्या आत सगळ्यांनी बोटीवर हजर. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराची बोटीकडून मिळणारी सहल सोयीची होती, पण ती बसने नेऊन बसने परत आणणारी. आईला आणि मला पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्तीही बघायची होती, आणि ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आईचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, तेरच्या जवळचं. तेरलाही अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिथल्या लामतुरे संग्रहालयात आई लहानपणापासून जात आलेली, त्यामुळे ही दुसरी मूर्ती बघायचीच, हे तिचं घरूनच ठरलं होतं.

यातली जोखीम आधी सांगते. बोटीच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला, तर ती सुटते आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने पोचावं लागतं. त्यात आमचे पासपोर्ट बोटीच्या काउंटरवर जमा होते. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स, आधार कार्ड आणि बोटीचं कार्ड असं सगळं कमरेच्या पाउचमध्ये घेतलं. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवला. बोटीवरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच वेळ दाखवतंय ना, हेही आदल्या रात्री विचारून घेतलं.

नेपल्स या कामाला फार सोयीचं बंदर आहे. धक्क्यावरून बाहेर पडलं की समोरच कास्तेल नुओवो हा किल्ला दिसतो, आणि चालत काही मिनिटांवर मेट्रोच्या लाइन १ चं म्युनिचिपिओ स्टेशन. तिथून तिसरं स्टेशन गारिबाल्दी. गारिबाल्दीला खालच्या मजल्यावर चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल मिळते. तिच्या एकाच फलाटावरून वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या सुटतात, त्यामुळे पाटीवर 'सोरेंतो' वाचूनच चढायचं. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी'. हे पूर्ण नाव लिहूनच ठेवा, कारण पॉम्पेई नावाची आणखीही स्टेशनं वेगळ्या मार्गांवर आहेत. तिकीट एका बाजूचं तीन युरोच्या आसपास. आम्ही परतीचंही तिथेच काढून घेतलं, कारण दुपारी पॉम्पेईच्या खिडकीवर रांग लागते.

गाडी सकाळच्या आपल्या लोकलसारखी भरलेली होती. आईला बसायला जागा मिळाली, मी दाराशी सॅक पोटाशी घेऊन उभी राहिले. डावीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी पूर्ण प्रवासभर सोबतीला असतो. पाऊण तासाच्या आत उतरलो, आणि पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार स्टेशनसमोरच.

पॉम्पेईचं तिकीट मी घरूनच ऑनलाइन काढलं होतं. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला वीस हजार लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवंच. मोठी बॅगही आत नेता येत नाही, ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपर्यंतचीच चालते.

आत सगळं बघायचा मोह आम्ही ठरवून टाळला. फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, बघून सरळ व्हिया देल्लाबोंदान्त्सा या मुख्य रस्त्याला लागलो. रस्त्याच्या काळ्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, बोट घातलं तर आत जाईल इतक्या खोल. मधेमधे पाय ठेवून रस्ता ओलांडायचे उंच दगड. आई त्यांच्यावरून हळूहळू पलीकडे गेली आणि म्हणाली, "अगं, एका पावलाच्या अंतरावर बसवलेत." याच रस्त्यावर ते घर आहे, जिथे १९३८ मध्ये मूर्ती सापडली आणि ज्याला आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. त्याच रांगेत एक खाणावळ आहे. तिच्या ओट्यात रांजण बसवलेले, आणि मागच्या भिंतीवर घरच्या देवांचं रंगीत चित्र. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेला ओटा आजही जेवण वाढायला उभं राहावं असा आहे.

परतीच्या वेळेचा हिशोब मी उलट्या बाजूने मांडला होता. गारिबाल्दीहून संग्रहालयाकडे जाणारी मेट्रो बंदराच्या स्टेशनावरूनच जाते. गारिबाल्दीला तीनच्या आत पोचलो तर पुढे मुझेओ स्टेशनपर्यंत जायचं, उशीर झाला तर म्युनिचिपिओला उतरून सरळ बोटीवर. असा मधला फाटा हाताशी असला की घड्याळाची धास्ती राहत नाही. आम्ही अडीचलाच गारिबाल्दीला होतो. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आमची बोट गुरुवारी लागली होती.

मूर्ती वीतभरापेक्षा थोडीच उंच. हात बांगड्यांनी भरलेले, पायांतले अलंकार पोटऱ्यांपर्यंत चढलेले, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे ती कशाचा तरी दांडा किंवा पाया असावी. तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं एक अक्षर कोरलेलं. तिला लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. अशाच घडणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्यामुळे ती आपल्या दख्खनकडून गेली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मागच्या वेणीची गुंफण बघायला आई काचेला वळसा घालून दोनदा गेली. "तेरच्या बाईचेच दागिने आहेत गं हे," म्हणाली.

पाचच्या आधी बोटीवर होतो. दोघींचा दिवसभराचा मेट्रो-ट्रेनचा खर्च पंचवीस युरोच्या आत बसला. तुमचा थांबा नेपल्सला असेल तर निघण्याच्या आठवड्यात त्या तारखेला वाहतुकीचा संप नाही ना, हे बघा. इटलीत असे संप आधी जाहीर होतात. संप असेल तर मात्र बोटीचीच सहल घ्या.