गव्हाणीत मोळी, गव्हाणीत बाळ

बीडकडच्या पोराला ‘गव्हाण’ म्हटलं की दोन गव्हाणी आठवतात. एक गोठ्यातली, कडबा टाकायची. दुसरी साखर कारखान्यातली, जिच्यात ऊस पडतो ती. दिवाळीच्या आगेमागे ‘गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ’ अशी बातमी पेपरात आली की ऊसतोड्यांच्या टोळ्या हलायला लागतात. त्यामुळे आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं’ हे वाचलं जायचं, तेव्हा मागच्या बाकावरून एखादं पोर हमखास विचारायचं, “कोणत्या कारखान्याच्या?” सगळे हसायचे, पाळकसाहेबसुद्धा. आणि चर्चच्या मंडळाची खरी बैठक तिथून सुरू व्हायची.

आगमनकाळाचे रविवार चार. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला, म्हणजे लवकरात लवकर २७ नोव्हेंबर आणि उशिरात उशिरा ३ डिसेंबर. नाताळ सोमवारी आला की पंचाईत होते. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडला होता; सकाळी चौथी मेणबत्ती आणि संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या. २०२८ साली पुन्हा तेच. अशा वर्षी चौथ्या रविवारचं वाचन तिसऱ्यालाच उरकून घेतलेलं बरं, कारण त्या दिवशी बायांचे हात करंज्यांच्या पिठात असतात.

मेणबत्त्यांचं वर्तुळ परातीत वाळू भरून करायचे. जर्मनीत योहान विखर्न यांनी १८३९ साली अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही रीत निघाली. आपल्याकडे चाकाऐवजी परात, आणि देवदाराऐवजी सुरूच्या फांद्या. कडुनिंब लावला तर तिसऱ्या दिवशी पानं गळतात आणि वाळलेली पानं मेणबत्तीशेजारी नकोच. जांभळ्या तीन, गुलाबी एक, मधे पांढरी. जांभळ्या मेणबत्त्या तालुक्याच्या गावी मिळायच्या नाहीत, म्हणून पांढरीच्या बुडाला तीन बोटं जांभळी रिबीन गुंडाळायची. पूर्ण मेणबत्तीला घोटीव कागद लावायचा उत्साह एखाद्या वर्षी कुणाला तरी यायचाच. तो कागद ज्योतीपर्यंत पोचला की पेटतो. पहिली मेणबत्ती चारही रविवारी जळते, म्हणून ती सगळ्यांत जाड निवडायची. नाहीतर नाताळला ती वाळूत बुडालेली असते आणि चौथी ताठ उभी.

पहिल्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ. ही वाचायला कुणी पुढे यायचं नाही. शल्तीएल, जरुब्बाबेल ही नावं आली की भलेभले अडखळतात. वाचणाऱ्याला आदल्या रविवारीच पान द्यायचं आणि घरी मोठ्याने तीनदा वाचायला सांगायचं, हा एकच उपाय. मत्तय म्हणतो, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. पोरांना बोटांवर मोजायला लावलं की नावं एकेचाळीसच भरतात, शेवटच्या गटात एक कमी. त्यावर अर्धा तास वाद. लातूर-धाराशिवकडच्या घरांत हेळवी बैलावर बसून पिढ्या म्हणायला येत, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ही यादी कंटाळवाणी वाटत नाही. आणि मग महिला मंडळातली एखादी मावशी विचारायची, की एवढ्या बाप्यांत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघी कशा घुसल्या? चौघींच्याही गोष्टी अशा, की सोयरीक जुळवताना कुणी सांगणार नाही. मत्तयने त्या लपवल्या नाहीत, पाचवी म्हणून मरीयेचं नाव लावलं. पहिला रविवार एवढ्यावर भरून पावायचा.

दुसरा रविवार बायांचा. मरीयेच्या नात्यातल्या अलीशिबेला सहावा महिना, आणि नुकताच देवदूताचा निरोप ऐकलेली मरीया डोंगराळ मुलखात तिच्याकडे निघते, तीन महिने राहते. या तीन महिन्यांत दोघी काय बोलल्या असतील, हे लूकने लिहिलेलं नाही. मंडळातल्या बाया ते तपशिलात सांगायच्या. डोहाळे, ओकाऱ्या, पाय सुजणं, आणि अलीशिबेचा नवरा जखऱ्या याची बोलती बंद असल्यामुळे घरात असलेली शांतता. जात्यावरच्या ओव्यांत ही भेट गायची रीत होती:

मरीया आली बाई डोंगराच्या वाटनं
अलीशिबेचं बाळ नाचे तिच्या एका हाकेनं

गाताना चूक ठरलेली. पोटात उडी मारली ती अलीशिबेच्या बाळाने, म्हणजे योहानाने. ओवी लांबली की ते मरीयेचं बाळ व्हायचं. दुसरी अडचण तबल्याची. तबलजी ओवीला ठेक्यात बसवायला जातो आणि ओवी मरते. तिला जात्याच्या फेऱ्याचाच ताल लागतो. म्हणून मधे खरं जातं मांडलेलं असायचं. ते रिकामं फिरवायचं नाही, दगडावर दगड घासून टाकी बोथट होते; मूठ-मूठ ज्वारी वैरत राहायचं. दीड-दोन शेर पीठ निघायचं, त्याच्या भाकरी शेवटच्या रविवारी. मरीयेचं स्तोत्र मात्र पेटीवरच. भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवंतांना रिकाम्या हाताने लावून दिलं, ही ओळ आली की आवाज आपोआप चढायचा.

तिसऱ्या रविवारी लूकचा दुसरा अध्याय, आणि हा रविवार निम्म्या बाकांवर व्हायचा. टोळ्या कधीच्या गेलेल्या असायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. म्हणून हाच अध्याय दिवाळीनंतर, ट्रक यायच्या आधीच्या रविवारी एकदा वाचून घ्यायचे. आगमनकाळाच्या दिनदर्शिकेत ते बसत नाही. काही जुन्या मंडळींना खटकायचंही, पण जाणारी माणसं नाताळला परत येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या वाचनात एक नियम पाळला जायचा: पुस्तकात जे नाही ते बोलायचं नाही. हा नियम भलताच कडक आहे. गाढव लूकमध्ये नाही. ‘जागा नाही’ म्हणून दार लावणारा मालक नाही. (नाटिकेत हीच भूमिका सगळ्यांना हवी असते, कारण ओरडायला मिळतं.) बैल नाही, तो यशयाच्या पहिल्या अध्यायातून आला, जिथे बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण. गोठासुद्धा नाही, फक्त गव्हाण आहे. आणि ‘उतारशाळेत जागा नव्हती’ यातल्या ‘उतारशाळा’ या शब्दाशी पाळकसाहेब दरवर्षी थांबायचे. मूळ ग्रीक शब्द कातालुमा. हाच शब्द लूकने येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीला वापरलाय. दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला नेलं त्या धर्मशाळेला त्याने वेगळा शब्द वापरलाय. म्हणजे बेथलेहेमात कदाचित सोयऱ्याच्याच घरची पाहुण्यांची खोली भरलेली होती, आणि बाळंतपण झालं ते जिथे जनावरं बांधतात त्या भागात. हे समजायला मराठवाड्यात चित्र काढावं लागत नाही. माळवदाच्या घरात पुढच्या खणात बैल, आतल्या खणात माणसं, मधे एक पायरी. घरात जनगणनेला नाव लावायला आलेले पाहुणे भरलेत आणि बाळंतिणीला आडोसा हवाय, तर ती कुठे जाईल?

नासरेथ ते बेथलेहेम, वाटेच्या वळणांप्रमाणे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जवळपास बीडहून छत्रपती संभाजीनगर. दिवस भरत आलेली बाई, वरून आलेला हुकूम, नाव लावायला जायलाच पाहिजे. कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या फडावरच्या झोपडीत, बाळंत झालेल्या बाया त्या बैठकीत असत. त्या फार बोलायच्या नाहीत. एखादी एवढंच विचारायची, की नाळ कशाने कापली असेल? बाळंतं तिने घरूनच बांधून नेलं होतं का? लूकने सुईण सांगितलेली नाही. ‘तिने त्याला गुंडाळलं’, असं आहे, म्हणजे बाळंतिणीनेच. नाताळवरची बरीच प्रवचनं या वाक्यावरून भरधाव पुढे जातात आणि देवदूतांपाशी थांबतात. बायांचं मंडळ इथेच थांबायचं.

चौथा रविवार देखाव्याचा. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात खरी गव्हाण आणि खरी जनावरं मांडली, तेव्हापासूनची ही परंपरा. पुतळे काळ्या मातीचे करायचा मोह टाळावा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रान भेगाळतं तसा योसेफ भेगाळतो. एक घमेलं मातीला अर्धं घमेलं चाळलेला मुरूम आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा घातला, अंग आतून पोकळ ठेवलं आणि सावलीत चार-पाच दिवस वाळवलं, तर टिकतात. मेंढपाळांना घोंगडीचा तुकडा आणि मेंढरांभोवती सुतळीची वाघर. रानात मेंढ्या बसवून रात्रभर शेकोटीशी जागणारे धनगर इथे सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे मेंढपाळ कधी चुकले नाहीत.

तारा मात्र चुकायचा. तीन फुटी दहा कामट्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर खूण करायची, मधे साडेआठ इंच उरतात. पाच कामट्या खुणांवर एकीखालून एक अशा विणून एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्हींची पाच टोकं बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांवर सहा इंची काड्या उभ्या ठोकून पोट फुगवायचं. टोकं आधी करकचून आवळली की काड्या बसवताना कामटी मोडते. आधी सैल गाठ, काड्या बसल्या की पक्की. पतंगी कागद चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं आणि उंदीर रात्रीतून कुरतडतात. ते विषारी आहे, म्हणून खळ पोरांच्या हाती द्यायची नाही.

मागी लोक, म्हणजे तारा बघून पूर्वेकडून आलेले ज्ञानी, त्या रात्री गव्हाणीपाशी मांडायचे नाहीत. मत्तय म्हणतो ते ‘घरात’ गेले, आणि किती जण होते हे तो सांगत नाही. तीन आहेत ती दानं, सोनं, ऊद आणि गंधरस. म्हणून त्यांचे पुतळे दाराजवळच्या खिडकीत ठेवायचे आणि दर दोन-तीन दिवसांनी एक बाक पुढे सरकवायचे. ६ जानेवारीला पोचायचे. कधी तीन असत, कधी चार, माती किती उरली त्यावर.

त्यानंतर देखावा उतरवायचा. गव्हाणीतला कडबा, ज्याच्या घरची गाय नुकतीच व्यालेली असेल त्याच्याकडे जायचा. देण्याआधी पोरांना बसवून त्यातली चमकी आणि तारांचे तुकडे एकेक निवडून काढायला लावायचे, गाय न बघता खाते.