पडून असलेली फोर बाय फोर जीप: अख्खी विकावी की खोलून?

गोठ्यामागे, गॅरेजच्या कुंपणाला टेकून किंवा शेताच्या बांधावर वर्षानुवर्षं उभी असलेली महिंद्राची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) जीप विकायची म्हटली की दारात सगळ्यात आधी येतो तो भंगारवाला. तो किलोवर भाव सांगतो. गाडी उलटलेली असो, आपटलेली असो वा नुसती गंजलेली, त्या भावाला हो म्हणायची घाई करू नका. सीजे ३बी, एमएम ५४०, एमएम ५५० या गाड्यांच्या फोर बाय फोर आवृत्तीत असे भाग आहेत, ज्यांच्यासाठी लोक दुसऱ्या जिल्ह्यातून टेम्पो घेऊन येतात. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक सांगाडा पुन्हा उभा करण्यालायक असतो हाही गैरसमजच आहे. कुठली गाडी अख्खी द्यायची आणि कुठली खोलून, हे आधी दोन गोष्टींवर ठरतं: आरसी आणि चॅसी. इंजिन, बॉडी, टायर हे सगळं त्यानंतर.

आरसीपासून सुरुवात करू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं पाहून घ्या. हाताने लिहिलेल्या आरसी बुकाच्या जमान्यातल्या बऱ्याच गाड्या तिथे दिसत नाहीत, त्यांची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या आरसी बुकावरून संगणकातली नोंद, आरटीओत करून घ्यावी लागते. तीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज अजून बोजा म्हणून उभं असेल, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी मिळवा. ग्राहक समोर बसलेला असताना हे काम सुरू केलं तर तो थांबत नाही.

खरी अडचण हस्तांतराची आहे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, सोबत चालू विमा आणि पीयूसी लागतं. बंद पडलेल्या गाडीची पीयूसी निघत नाही, आणि मुदत संपलेल्या आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. म्हणजे गाडी दुरुस्त होईपर्यंत ती कागदावर तुमचीच राहते. इथे बहुतेक लोक तारीख न टाकता दोन्ही फॉर्मवर सह्या करून देतात आणि मोकळे होतात. असं कधीही करू नका. त्या गाडीने उद्या अपघात केला तर भरपाईसाठी नोटीस नोंदणीकृत मालकाला येते. गाडी हातोहात तिसऱ्या-चौथ्याकडे गेली असली तरी जबाबदार नोंदीतलाच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्टँपपेपरवर करार करा. त्यात गाडी चालत नाही हे लिहा, चॅसी आणि इंजिन नंबर लिहा, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा, दुरुस्तीनंतर किती महिन्यांत नाव बदलायचं ते लिहा. शेवटचा हप्ता नाव बदलल्यावरच घ्यायचा असं ठरवलंत, तर सौद्याची मांडणी तशी करा. घेणाऱ्याच्या आधार आणि पॅनच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

आरसी हरवली असेल आणि गाडी ऑनलाइनही सापडत नसेल, तर ती अख्खी गाडी म्हणून विकायचा विचार सोडा. 'कागद नाहीत पण गाडी द्या' म्हणणारे भेटतील. 'गाडी नको, फक्त कागद आणि नंबरपट्टी द्या' म्हणणारेही भेटतील, आणि ते जास्त घातक. तुमची आरसी आणि डॅशवरची (चॅसी नंबराची) पाटी मग चोरीच्या किंवा बिनकागदाच्या जीपला चिकटते. पाटी, आरसी आणि चॅसीवर कोरलेला नंबर ही तिन्ही एकाच दिशेने गेली पाहिजेत: एक तर अख्ख्या गाडीसोबत ग्राहकाकडे, नाही तर नोंदणी रद्द करायला.

चॅसी तपासायला फार साहित्य लागत नाही. टेप, ओळंबा, खडू आणि एक टोकदार हातोडी पुरते. गाडी सपाट कोब्यावर घ्या. पुढच्या डाव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासून, म्हणजे पाटा चॅसीला जिथे जोडला जातो तिथपासून, मागच्या उजव्या हँगरपर्यंत आणि तसंच उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. ओळंब्याने ते बिंदू जमिनीवर उतरवून मोजले तर मध्ये इंजिन येत नाही. दोन्ही मापं जवळपास सारखी हवीत. सेंटिमीटरच्या पुढे फरक गेला तर गाडी समोरून तिरकी आपटून चॅसी चौकोनाबाहेर गेली आहे असं समजा. डाव्या आणि उजव्या बाजूचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतरही मोजा. सीजे ३बीचा मूळ व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. बाकी मॉडेलांत दोन्ही बाजू एकमेकींशी जुळल्या की झालं. मग गंज. कोकणातल्या गाडीत मागचा क्रॉसमेंबर, शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीच्या) वरचा भाग आणि बॉडी जिथे चॅसीवर बसते त्या जागा हातोडीने ठोकून बघा. पत्रा खणखणला तर जिवंत आहे, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आतून खाल्लेला आहे. वाकलेली चॅसी सरळ करता येते. शॅकलपाशी कुजलेली चॅसी जोडून घेणं मला कुठल्याही किमतीत पटत नाही.

नंबर वाचता येत नसेल तर थिनर आणि मऊ ब्रश वापरा, मग कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. त्या जागेवर ग्राइंडर लावू नका. एक आकडा जरी घासला गेला, तरी आरटीओत ती छेडछाड दिसते आणि चांगली गाडी कायमची अडकते.

आता इंजिन. एमएम ५४० मध्ये प्यूजोचं एक्सडीपी ४.९० येतं. चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, २११२ सीसी. नंतरच्या एक्सडी३पीची २४९८, महिंद्राच्या डीआयची २५२३ आणि सीजेमधल्या पेट्रोल हरिकेनची २१९९. आरसीवरची सीसी पाहून समोर बसलेलं इंजिन तेच आहे का, हे लगेच कळतं. या गाड्यांत मॅटाडोरपासून ॲम्बेसेडरपर्यंत कशाचीही इंजिनं बसवलेली सापडतात. आरसीवर नोंद नसलेलं इंजिन असेल तर ते जाहिरातीतच सांगा, कारण ग्राहक आरटीओत गेला की ते बाहेर येणारच.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या डिझेल इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह आवरा. रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, पिस्टनला ओरखडे पडतात आणि आतापर्यंत वाचलेलं इंजिन तिथे संपतं. एक्सडीपीला हीटर प्लग असतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून सोडा आणि दोन-तीन दिवस भिजू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा, आधी थोडं मागे, मग पुढे. इंजिन पूर्ण दोन फेरे सहज फिरलं की 'हाताने फिरतं' एवढंच लिहा, 'चालू' लिहू नका. डिपस्टिकवर दुधी रंगाचं तेल दिसलं तर पाणी आत गेलंय: हेड गॅस्केट, तडकलेलं हेड, किंवा उघड्या मॅनिफोल्डमधून शिरलेलं पावसाचं पाणी. हरिकेन जाम असलं तरी ते भंगारात घालू नका. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी होऊ शकते, २०२१ पासून तसा नियम आहे, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे. मूळ ब्लॉक सोबत असलेली सीजे आणि डिझेल टाकलेली सीजे यांच्या मागणीत त्यामुळे मोठा फरक पडतो.

फोर बाय फोरचा सेट हा सौद्याचा गाभा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), त्याचे दोन्ही लिव्हर, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, पुढची हाउसिंग (ॲक्सलचं कवच), नकल (चाक वळवणारा सांधा) आणि हबसकट. टू व्हील ड्राइव्ह जीपवाले हाच सेट शोधत असतात. तपासणी अशी करा: मागच्या चाकांना अडसर म्हणून उटी लावा, पुढची चाकं जॅक लावून स्टँडवर घ्या. गिअरबॉक्स कुठल्याही गिअरमध्ये टाका. लिव्हर फोरमध्ये असेल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरता कामा नये. टूमध्ये टाकला की मोकळा फिरला पाहिजे. लिव्हर हलतो पण काही फरक पडत नाही, असं झालं तर शिफ्ट फोर्क किंवा रेल गेली. शाफ्ट हाताने मागेपुढे हलवून क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि स्प्लाइन (सरकत्या टोकाचे खाचे) यांतली ढील पाहा. नकलच्या गोल बॉलवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही, ग्रीस गळतच राहतं. हे ग्राहकाला आधी सांगितलं तर तो त्या हिशेबाने भाव लावतो, नंतर दिसलं तर उरलेल्या सगळ्यावर शंका घेतो.

क्राऊन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या दोन गिअरांच्या दातांचा) रेशो न सांगता हाउसिंग विकणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. ५.३८ म्हणजे ४३ ला ८ दात, ४.८८ म्हणजे ३९ ला ८. पुढे एक आणि मागे दुसरा असला, तर फोर टाकल्यावर दोन्ही ॲक्सल वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि कोरड्या रस्त्यावर क्रॉस किंवा गिअर तुटतो. हाउसिंग न खोलता मोजायचं तर एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, ट्रान्सफर न्यूट्रल करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट पाच फेरे पूर्ण करून आणखी तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८, पाचव्या फेऱ्याला थोडा कमी पडला तर ४.८८.

खोलून विकायचं ठरलं तर गॅस कटर लांब ठेवा. यू-बोल्ट कापताना हाउसिंगवरचा पाट्याचा पॅड तापून वाकतो, शेजारचे ब्रेक पाइप जळतात. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. विलीज घराण्याच्या ॲक्सलवर डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असू शकतात, त्यामुळे जोर लावण्याआधी स्टडचं टोक पुसून आटे कुठल्या बाजूचे ते पाहा. चाकांचा पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) पाच नटांवर १३९.७ मिमी, जिप्सीचाही तोच. म्हणून रिमना जिप्सीवालेही विचारतात, पण मधल्या भोकाचं माप दिल्याशिवाय हो म्हणू नका. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे करू नका, तेल आत राहू द्या, उघडी तोंडं चिंध्या कोंबून प्लास्टिकने बांधा. पंप आणि नोझलच्या पाइपांची टोकंही तशीच बंद करा. शिफ्टर, माउंट, नट-बोल्ट त्या-त्या भागालाच परत लावून ठेवा. पिशवीत एकत्र केलेले बोल्ट नंतर कोणालाच जुळत नाहीत.

विक्रीचा क्रम महत्त्वाचा. पहिला ग्राहक नेहमी फोर बाय फोर सेट मागतो आणि तो गेला की टब (बॉडीचा खालचा भाग), दारं, मागचा ॲक्सल यांना कोणी विचारत नाही. सेटची किंमत ठरवताना मागे उरणाऱ्या मालाचा विचार त्यात धरा. विंडशील्ड फ्रेम, मूळ ग्रिल आणि बोनेट सरळ असतील तर त्यांना स्वतंत्र मागणी असते. उरलेली चॅसी मात्र कोणाला देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिलीत तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. इंजिन-गिअरबॉक्स काढलेला सांगाडा ते घेतात का, हे खोलायच्या आधीच विचारा.

अख्खी विकायची तर जाहिरात अशी असावी: 'महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, १९९१. मूळ आरसी आहे, मुदत संपलेली, बोजा नाही. पुढून उजवीकडे आपटलेली, चॅसीचा कर्ण १४ मिमी चुकतो. इंजिन मूळ एक्सडीपी, हाताने फिरतं, चालू केलेलं नाही. दोन्ही ॲक्सल ५.३८. पुढचा उजवा नकल गळतो. टबचा फ्लोअर कुजलेला. बॅटरी, रेडिएटर नाही.' फोटोत खालची बाजू, चारही हँगर, दोन्ही लिव्हर आणि डिपस्टिक दिसू द्या. चिखल धुवा, पण चॅसीला काळा रंग मारू नका. जाणकार माणूस ताजा रंग पाहिला की झाकलेलं वेल्डिंग शोधायला लागतो.

गाडी हलवताना ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये नसेल तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट उतरवा. साखळी बंपरला नको, चॅसीला बांधा. शेतातली गाडी असेल तर जूनच्या आत हलवा, एकदा रान ओलं झालं की क्रेन आत येत नाही. पैसे बँकेतून घ्या; दोन लाख आणि त्यावर रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. राज्यातच विक्री असेल तर हस्तांतराची सूचना तुम्ही चौदा दिवसांत द्यायची असते, परराज्यातला ग्राहक असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. त्यानंतर दर महिन्याला 'वाहन'वर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहत राहा, आणि बदललेल्या नोंदीची प्रिंट कराराला जोडून ठेवा.