दीव ते आंबोली: ताड-माडांचा नकाशा करताना

सरळ खोड आणि शेंड्याला पानं दिसली की आपण एकतर माड म्हणतो नाहीतर ताड, आणि पुढे निघतो. दीवला नागवा बीचवर मात्र थांबावंच लागतं. तिथे खोडाला दोन फाटे, त्या फाट्यांना परत दोन दोन, आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका! हा रावणताड, तिकडे त्याला होका म्हणतात. पाम कुळात असं फाटे फुटणारं खोड फार कमी बघायला मिळतं. १८३९ साली मुंबईच्या वनस्पतींची यादी छापली गेली त्यात हा ताडाच्याच वंशात घातलेला होता, आता तो हायफीनी वंशात आहे म्हणजे आफ्रिकेतल्या डूम पामचा भाऊबंद. फळ हातात घेतलं की पटतं, ताडाचं फळ मोठं आणि आत साधारण तीन बिया (कोवळेपणी तेच ताडगोळे), याचं मुठीत मावणारं आणि बहुतेक वेळा एकच बी.

मी प्रत्येक झाडाचं लोकेशन मोबाईलवर टाकत होतो आणि पान, देठ, खोड, फळ असे वेगवेगळे फोटो. नुसता लांबून काढलेला फोटो ओळख पटवायला कामाचा नाही.

डहाणू-पालघर पट्ट्यात ताड आणि शिंदी दोन्ही भरपूर. शिंदी ओळखायची तर झावळीच्या बुडाशी बघा, तिथे पानांचे काटे झालेले असतात, आणि पाती मधोमध अशी दुमडलेली असते की पाणी आत थांबेल, माडाची दुमड नेमकी उलटी. ताडात आणि शिंदीत नर-मादी झाडं वेगळी, म्हणून नकाशात जमलं तिथे तेही लिहिलं.

खाली रत्नागिरीकडे आलं की माड आणि पोफळी सुरू, पण इथे मला एक रकाना वाढवावासा वाटला: लावलेलं की आपसूक उगवलेलं? कारण माड-पोफळीचे ठिपके म्हणजे माणसाच्या वाड्या आणि पाटाचं पाणी, त्यावरून जंगलाबद्दल काहीच कळत नाही. लावलेलं आणि आपसूक उगवलेलं एकाच रंगात दाखवणारा नकाशा माझ्या मते निरुपयोगी आहे.

जंगलाचं कळतं ते भेरली माडावरून (नावात माड असला तरी हा नारळाचा नव्हे, वेगळा पाम). आंबोलीच्या चढणीला रस्त्याच्या कडेलाच एक होता, पानं दोनदा विभागलेली आणि प्रत्येक पाती टोकाला तिरपी फाटलेली, असं पान आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच पामला नाही. फुलोऱ्याचे लांबलचक घोस शेंड्यापासून सुरू होऊन वर्षागणिक खाली खाली येत जातात आणि सगळ्यात खालचा संपला की झाडच मरतं. या झाडाचा वरचा घोस वाळलेला, मधला लालसर फळांनी भरलेला, खालचा अजून फुलायचा होता. फळ उघड्या हाताने फोडू नका, गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, भयंकर खाज सुटते. उदमांजर मात्र ती मजेत खातं आणि बिया लांबवर टाकून येतं, त्यामुळे बी कोणी न लावता झाड उगवतं. पाम कुळातलेच वेताचे झुडपी वेल नोंदवायचे राहिलेत, त्यासाठी ओढ्याकाठच्या राया बघायच्या आहेत.

उत्तर कोकणातल्या मंडळींनो, गावात फाटे फुटलेला ताड दिसला तर फळाचा आणि देठाचा जवळून फोटो काढून नक्की कळवा, झाड लावलेलं आहे का हे जुन्या माणसांना विचारून तेही लिहा.